जनावराचा गुडघा कोठें असतो?

इगतपुरी तालुक्यांतील घोटीचा जनावरांचा बाजार आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिला असेल. तेथें डांगी बैल घेणारा शेतकरी दांत पाहतो, खूर पाहतो, कातडी चिमटींत धरून पाहतो, बैलास दहा पावलें चालवून आणवितो, आणि मग रुमालाखालीं हात घालून बोटांनीं भाव करतो. परंतु त्या बैलाच्या पायांतील कोणतें हाड कोठें आहे व कोणता सांधा कोणत्या बाजूस वळतो, हें ठाऊक असलेलें गिऱ्हाईक शंभरांत एखादेंच. आम्हीही उरलेल्या नव्व्याण्णवांतलेच होतों. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां वीज पडून, पुरांत सांपडून किंवा गाडीखालीं येऊन जखमी झालेल्या व मेलेल्या जनावरांचे अनेक पंचनामे आमच्या हातचे आहेत. त्यांत "मागील पायाचा गुडघा" हे शब्द आम्ही निःशंकपणें लिहीत आलों. एकदां पंचनाम्यांत आम्हीं 'गुडघा' लिहिलें आणि पशुवैद्याच्या दाखल्यांत 'घोटा' आला; सबब कागद परत आले, व बिचाऱ्या शेतकऱ्यास तालुक्याचे दोन हेलपाटे जास्त पडले. चूक दाखल्याची असावी, असेंच आम्हांस त्या वेळीं वाटलें. ती आमची होती, हें निवृत्त झाल्यावर स्वतःच्या दावणीचा बैल लंगडूं लागला तेव्हां कळलें.

तो बैल चार दांती, कामास चांगला. रात्रभर गोठ्यांत राहून सकाळीं बाहेर निघाला कीं त्याचा मागचा उजवा पाय ताठ होऊन मागेंच राही. खुराचें टोंक जमिनीवर घाशीत तो चार-सहा पावलें जाई, आणि मग एकाएकीं झटका बसून पाय मोकळा होई. त्यानंतर जणूं कांहीं झालेंच नाहीं असा तो चाले. पुढें पुढें मोकळें होण्यास शंभर पावलें लागूं लागलीं. आमच्या भागांत नांवाजलेल्या एका जाणत्या गृहस्थांनीं 'खुबा उतरला' असा निर्णय दिला व पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडाचे डाग दिले. पंधरा दिवसांनीं पुन्हां दिले. डाग चिघळले, त्यांत किडे पडले, आणि ऐन पेरणींत बैल दावणीला उभा राहिला. पाय होता तसाच. शेवटीं विकावयास काढला, तेव्हां जी किंमत आली ती सांगण्यासारखी नाहीं. त्याच सुमारास गांवीं आलेल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनीं त्यास पाहिलें. त्यांनीं हात पुठ्ठ्यावर ठेविलाच नाहीं. कुशीची कातडी जेथें मांडीस मिळते तेथें, पोटाच्या कडेला त्यांनीं तो ठेविला व "याच्या गुडघ्याची वाटी अडकते" असें ते म्हणाले. आम्ही मात्र पायाच्या मध्यावर, जेथें तो मागच्या बाजूस कोन करतो, तेथें पाहत राहिलों होतों. गुडघा तेथें नव्हताच.

तो कोठें असतो हें समजण्यास वाचकांनीं स्वतःच्या हातापासून आरंभ करावा. तळवा मेजावर टेंकवावा. मग तो उचलून केवळ बोटें टेंकलेलीं ठेवावींत. मग केवळ बोटांचीं टोंकें. शेवटीं आंगठा, तर्जनी व करंगळी उचलून घेऊन मधलें बोट व अनामिका या दोहोंच्या नखांवर हात उभा करावा. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी यांचा पुढचा पाय तो हाच. त्यांचे खूर म्हणजे तिसऱ्या व चौथ्या बोटांचीं नखें होत. मागच्या अंगास जमिनीपासून उंच लोंबणाऱ्या दोन लहान खुऱ्या हा दुसऱ्या व पांचव्या बोटांचा अवशेष. आंगठा मुळींच उरलेला नाहीं. खुराच्या वरच्या भागांत ज्यास आपण नळी म्हणतों, तें तळहाताचें हाड. वासरूं पोटांत असतां तीं दोन निरनिराळीं हाडें असतात, पुढें एकजीव होतात. सोललेल्या नळीवर पुढच्या अंगास मधोमध जी उभी खांच दिसते, ती या जोडाची खूण. नळीच्या वरचा सांधा, ज्यास आपण पुढचा गुडघा म्हणतों व ज्यावर टेंकून बैल उठतो, तें त्याचें मनगट आहे. त्यांत दोन ओळींत सहा लहान हाडें बसविलेलीं असतात. मनगटापासून कोपरापर्यंत दोन हाडें. माणसांत तीं एकमेकांवर फिरतात म्हणून आपण तळवा उताणा-पालथा करूं शकतों, बैलांत तीं जुळून गेलेलीं असल्यामुळें पाय पुढें-मागेंच चालतो. कोपर छातीच्या कडेला लागून असतें, दंडाचें हाड आंखूड व मांसांत लपलेलें, आणि सर्वांत वर खवाटा.

माणसाचा हात हांसळीच्या हाडानें छातीशीं जखडलेला असतो. बैल, घोडा, शेळी, मेंढी, डुक्कर यांस हांसळीचें हाड नसतें. त्यांच्या पुढच्या पायांचा धडाशीं हाडाचा असा सांधाच नाहीं. दोन खवाट्यांच्यामध्यें छाती केवळ मांसाच्या रुंद पट्ट्यांनीं झोळीसारखी टांगलेली असते. उभ्या बैलाचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या पायांवर असतो, आणि उतारावरून भरलेली गाडी खालीं येतांना जो हिसका बसतो तो ही झोळी सोसते. निसरड्या जागीं पुढचे दोन पाय फांकून जनावर पडलें, तर बहुधा या मांसाच्या पट्ट्या फाटतात. अशा वेळीं पाय ओढून 'बसविण्या'चा प्रयत्न केल्यास फाटलेलें आणखी फाटतें; विश्रांति व मऊ जमीन हाच तेथें मुख्य उपाय.

पोळ्याच्या आधीं आपण खांदेमळणी करून ज्या भागास तूप-हळद चोळतों, तोही खरा खांदा नव्हे. ती वशिंडापुढची मान. जूं तेथें बसतें. खवाटा व दंड यांचा सांधा त्याहून बराच खालीं व पुढें, छातीच्या टोंकाजवळ हाताला लागतो. चालीरीतीचें नांव बदला असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु खांदेसूज आली असतां हाड सरकलें अशी समजूत करून घेऊं नये. ती कातडीची व तिच्याखालच्या मांसाची सूज होय, आणि तिचें कारण खडबडीत जूं, किंवा एक बैल उंच व एक ठेंगणा अशी विजोड जोडी.

प्रत्येक पूर्ण बोटांत तीन हाडें असतात व त्यांतलें शेवटचें सबंध खुराच्या आंत असतें. खूर म्हणजे भरीव शिंग नव्हे. तो हाडावर चढविलेला जोडा आहे, आणि जोडा व हाड यांमध्यें रक्तानें व जाणिवेनें भरलेला थर असतो. पत्र्या मारतांना खिळा आंतल्या बाजूस वळला तर तो या थरांत शिरतो, व चार दिवसांनीं बैल लंगडूं लागला कीं दोष भलत्याच सांध्यास दिला जातो. घोडा एकाच, म्हणजे मधल्या बोटावर चालतो, म्हणून त्याच्या पायास एक नाल व बैलाच्या पायास दोन पत्र्या. डुकराचीं चार बोटें असतात. कुत्र्याचीं पुढें पांच व मागें बहुधा चार, आणि तो नखांवर न चालतां बोटांवर चालतो. बैलाचीं दोन बोटें चिखलांत फांकतात व पाय उचलतांना मिटतात. यामुळें भाताच्या खाचरांत बैल व रेडा चालूं शकतो, घोडा अडतो. इगतपुरी, पेठ, सुरगाणा या अतिपावसाच्या भागांत डांगी जात टिकून राहिली तिचें एक कारण तिचे काळे, कठीण खूर. उलट निफाड-सिन्नरकडे सिमेंटच्या फरशीवर बांधलेल्या दुभत्या संकरित गाईंचे खूर वाढतात व झिजतात वेडेवांकडे. त्यांच्या लंगडण्याचें मूळ फार वेळां मागच्या पायाच्या बाहेरच्या खुरांत सांपडतें, कारण मागील पायांत अधिक भार त्या खुरावर येतो.

आतां मागचा पाय. बोटें व नळी पुढच्याप्रमाणेंच. नळीच्या वर जो मोठा सांधा मागें कोन करतो, ज्यास आम्ही आयुष्यभर गुडघा लिहीत आलों, तो घोटा. आणि त्याच्या मागें जें टोंक वर निघालेलें असतें ती टांच. माणसाच्या टांचेस जी जाड शीर चिकटते तशीच दोरीसारखी शीर तेथेंही चिकटलेली स्पष्ट दिसते. म्हणजे बैल जन्मभर टांचा उंच करूनच चालतो. घोट्यांत पांच हाडें असतात. त्यावर नडगी, माणसाच्या नडगीशेजारीं जें दुसरें बारीक हाड असतें त्याचे बैलांत वर व खालीं तेवढे तुकडे उरले आहेत. नडगीच्या वरच्या टोंकाशीं, कुशीच्या कातडीच्या घडीजवळ, खरा गुडघा. तो पोटाच्या इतका लगत असतो कीं तो पायाचा सांधा आहे हेंच पाहणाऱ्यास सुचत नाहीं. त्यापुढें गुडघ्याची वाटी, आणि वाटीपासून खुब्यापर्यंत मांडीचें हाड, तें सर्व मांसांत.

आमच्या बैलाचें दुखणें या वाटींत होतें. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोंकास पुढच्या अंगानें एक पन्हळ असते व तिच्या दोहों कडांस दोन उंचवटे. आंतल्या बाजूचा उंचवटा अधिक मोठा व जाड असतो. पाय वांकतांना व सरळ होतांना वाटी या पन्हळींतून वर-खालीं सरकते, आणि तीन बळकट पट्ट्यांनीं ती नडगीस बांधलेली असते. कधीं कधीं वाटी वर गेली असतां आंतली पट्टी त्या आंतल्या उंचवट्यावर आंकड्यासारखी अडकते. मग गुडघा वांकत नाहीं. गुडघा न वांकल्यानें घोटाही वांकत नाहीं. पाय काठीसारखा मागें राहतो व खूर घासतें. पट्टी सुटली कीं झटका बसतो. घोड्यास हीच सोय निसर्गानें मुद्दाम दिली आहे. तो वाटी अडकवून उभ्या उभ्या झोंप घेतो व हवी तेव्हां सोडवितो. बैलास व म्हशीस ती अडचण होते, आणि आपल्या देशांत ओढकामाच्या बैलांत व म्हशींत हा दोष बराच आढळतो. त्यावर उपाय एकच नांवाजलेला आहे. जागा बधिर करून ती आंतली पट्टी कापून टाकावयाची. जखम बोटभरही नसते, आणि आमच्या बैलानें उठून टाकलेलें पहिलेंच पाऊल सरळ पडलें. हें काम पशुवैद्याचेंच. घरीं करून पाहण्याचें नव्हे. पुठ्ठ्यावरचे डाग मात्र अद्याप बैलाच्या अंगावर आहेत.

खुबा उतरला कीं नाहीं, हें त्या जाणत्या गृहस्थांस डाग न देतां पाहतां आलें असतें. त्यासाठीं कमरेचें कडें, ज्यास शास्त्रांत श्रोणी म्हणतात, तें समजलें पाहिजे. प्रत्येक बाजूस तीन तीन हाडें जुळून हें कडें होतें. तीं तिन्ही जेथें मिळतात तेथें खुब्याचें उखळ. वरच्या बाजूस कण्याचे पांच मणके एकत्र जुळून झालेलें त्रिकास्थि या कड्यास पुरें करतें. बाहेरून त्याचीं दोन टोंकें कोणासही दिसतात. एक कमरेच्या बाजूस वर आलेलें, ज्यावर वाळल्या गाईच्या अंगीं टोपी अडकवावी असें वाटतें. दुसरें शेपटीच्या बाजूस मागें आलेलें, आपण ज्यावर बसतों तें बैठकीचें टोंक. या दोहोंच्या दरम्यान, थोडा खालीं, मांडीच्या हाडाचा वरचा गेंद चालत्या जनावराच्या कातडीखालीं हलतांना दिसतो. तीन ठिकाणांचा हा त्रिकोण उजवीकडे व डावीकडे सारखा असला पाहिजे. खुबा उतरला तर गेंद जागा सोडतो व त्रिकोण बिघडतो. आमच्या बैलाचे दोन्ही त्रिकोण सारखे होते. तें मोजावयास एक सुतळी पुरली असती.

बाजारांत जनावर मागून पाहावें तें याचसाठीं. कमरेचें एक टोंक दुसऱ्याहून बसकें दिसलें, तर बहुधा अरुंद दारांतून घुसतांना किंवा घसरून पडल्यानें तें टोंक मोडलेलें असतें. असा बैल दिसावयास वाईट असला तरी पुष्कळदां कामास चालतो, व किंमत मात्र उतरलेली मिळते. कालवड असेल तर आमचा सल्ला निराळा आहे. मोड टोंकापुरती नसून आंत कड्यापर्यंत गेली असेल तर वासरूं येण्याची वाट अरुंद होते, आणि तें वितांना कळतें, तेव्हां फार उशीर झालेला असतो.

कारण ही वाट हाडाचीच आहे. ती ताणून मोठी होत नाहीं. विण्याच्या सुमारास त्रिकास्थि व कडें यांमधील बंध मात्र सैल होतात, शेपटीच्या मुळाशीं दोहों बाजूंस खळगे पडतात व पुठ्ठे खचल्यासारखे दिसतात. असें दिसलें कीं बहुधा एक-दोन दिवसांत गाय विते. घोडीची वाट गोल व ऐसपैस, म्हणून ती झटपट विते. गाईची वाट उभ्या अंगानें अधिक व आडव्या अंगानें कमी असते, तर वासराच्या कमरेचा भाग आडवा रुंद. यामुळें डोकें, खांदे बाहेर येऊन वासरूं कमरेशीं अडतें. चार माणसांनीं दोर लावून सरळ ओढणें हा यावर उपाय नव्हे. जाणता पशुवैद्य वासरास पाव फेरा वळवितो, म्हणजे त्याची रुंदी वाटेच्या उंचींत जाते, आणि मग खालच्या बाजूस, गाईच्या घोट्यांकडे, ओढ घेतो. आडदांड ओढण्यानें कड्याच्या आंतल्या भिंतीस लागून जाणारी मज्जेची दोरी चेंगरते. गाय विते, पण मागचे पाय फांकून पडते व उठूं शकत नाहीं. अशा गाईच्या मागच्या दोन पायांस नळीशीं सैल फांस घालून ते फांकूं न देणें व तिला मातीच्या जमिनीवर ठेवणें एवढें आपल्या हातचें असतें.

पाय बाहेर दिसले कीं ते पुढचे कीं मागचे, हें घरच्या माणसास ओळखतां यावें. खुरापासून वर हात नेत दोन सांधे चांचपावे. दोन्ही एकाच बाजूस वांकत असतील तर तो पुढचा पाय: बोटांचा सांधा व मनगट. एक एका बाजूस व दुसरा उलट बाजूस वांकत असेल, आणि तेथें टांचेचें टोंक हातास लागत असेल, तर मागचा. पुढच्या दोन पायांवर नाक लागलें तर बहुधा सर्व ठीक. मागचे पाय असतील, किंवा एकच पाय असेल, तर पशुवैद्यास बोलाविण्यास घटकाही दवडूं नये. लहान अंगलटीच्या डांगी कालवडीस थोराड विदेशी जातीचें रेतन करवितांनाही हें कडें मनांत असावें. वासरूं बापाच्या मापानें वाढतें, वाट मात्र आईच्या मापाची असते.

कोंबडीचें हें कडें खालून जुळलेलेंच नसतें. तसें असतें तर अंडें बाहेर येतेंच ना. शेपटीखालीं दोन बारीक टोंकें हातास लागतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या त्या टोंकांमध्यें दोन-तीन बोटें मावतात, अंडीं बंद असलेलीच्या मध्यें जेमतेम एक. कोंबड्या पाळणाऱ्यांनीं काठावरच्या कोंबड्या निवडण्यास हीच खूण वापरावी.

खच्चीकरणाविषयीं एकदोन वाक्यें. वासराच्या लांब हाडांच्या टोंकांजवळ कुर्चेची एक पट्टी असते व उंची तेथें वाढते. वळूच्या वयांत ती लवकर हाड होऊन वाढ थांबते. लहानपणीं खच्ची केलेल्या गोऱ्ह्यांत ती उशिरां भरते, म्हणून तो उंच व लांब पायांचा होतो, पण त्याची मान व वशिंड बेताचीं राहतात. उंच बैल तो बळकट बैल असें समजून पैसे मोजणाऱ्यानें हें लक्षांत घ्यावें.

लंगडणाऱ्या जनावराचा पाय ठरवितांना त्यास कठीण जमिनीवर सावकाश चालवावें. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेंकतांना डोकें वर उचललें जातें व चांगला पाय टेंकतांना खालीं येतें. मागचा दुखत असेल तर तो टेंकतांना त्या बाजूचा पुठ्ठा वर उसळतो. मग पाहणें खुरापासून आरंभावें: खडा, खिळा, काटा, फट, दुर्गंध, त्यानंतर एकेक सांधा वर वर. आम्हीं वरून आरंभ केला व खालीं आलोंच नाहीं. आणि सहा महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंतचें, अंगानें चांगलें पोसलेलें जनावर पावसाळ्याच्या आरंभीं एकाएकीं लंगडूं लागलें, ताप भरला, आणि फऱ्यावर सूज येऊन ती दाबतांना कागद चुरगळल्यासारखी चरचरली, तर हाडांचा विचार सोडून द्यावा. तो फऱ्या रोग होय; तो तासांत जनावर नेतो, आणि त्याची लस पावसापूर्वींच टोंचून घ्यावयाची असते.